आजीचा काऊ, रॉटरडॅमचा पांडा आणि एडेचा प्यूमा

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. मुलं झोपल्यावर चहा घेऊन बसा.

गेल्या भाद्रपदात सासूबाई आमच्याकडे डेल्फ्टला होत्या. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या तिथीला आईंनी सगळा स्वयंपाक केला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. गवार इंडियन दुकानात फ्रोझन मिळाली, अळू काही मिळालं नाही. मग एक पान वाढून त्यांनी बाल्कनीत ठेवलं आणि दाराच्या आत उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, आता येणार सीगल आणि करणार गोंधळ. पण दहा मिनिटांत कठड्यावर एक काळा पक्षी येऊन बसला. मान राखाडी. त्याने वड्याचा तुकडा उचलला. आईंनी हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, आपला कावळा. इतक्या लांब आला गं."

माझी आठ वर्षांची लेक शेजारीच. म्हणाली, "आजी, हा कावळा नाहीये. हा काउ आहे."

"अगं तेच म्हणतेय मी. काऊच तो!"

"नाही आजी, काउ. शाळेत शिकवलंय."

ज्यांची मुलं अजून डच शाळेत जायची आहेत त्यांच्यासाठी सांगते: डच भाषेत एका छोट्या, राखाडी मानेच्या पक्ष्याचं नाव खरोखरच 'काउ' आहे. इंग्रजीत जॅकडॉ. चिमण्यांसारखा गल्लोगल्ली दिसतो, चिमणीत घरटी करतो. (धुराच्या चिमणीत. आपल्या चिऊचा संबंध नाही.) आपला गावकावळा वेगळा. तर दोघीही एकच शब्द बोलत होत्या आणि दोघींच्या डोळ्यांसमोर वेगळे पक्षी होते.

रात्री लेकीने विचारलं, "आजी खोटं बोलली का?" मी दमले होते. "तुला काय करायचंय, झोप आता," असं म्हणून मोकळी झाले. मग माझीच झोप उडाली. कारण हीच मुलगी दोन महिने आधी धावत घरी येऊन म्हणाली होती की कालव्याच्या काठी तिने 'मोठ्ठा, कुत्र्याएवढा उंदीर' पाहिला. तेव्हाही मी "काहीतरीच काय" म्हटलं होतं. म्हणजे आजीला दिसलं ते खरं मानायचं आणि मुलीला दिसलं ते खोटं? की उलट?

त्या रात्रीपासून मी या देशातल्या 'दिसलेल्या' प्राण्यांचा इतिहास वाचत गेले. पळालेले, सुटलेले, भलत्याच ठिकाणी दिसलेले प्राणी. तो तुम्हाला सांगावा म्हणून हा प्रपंच.

सुरुवात रॉटरडॅमपासून करू. आपण सगळेच मुलांना ब्लाइडॉर्पच्या प्राणिसंग्रहालयात नेतो. रॉटरडॅमचं जुनं प्राणिसंग्रहालय १८५७ पासून शहराच्या मध्यात होतं. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले, त्याच्या झळा प्राण्यांनाही बसल्या. नवं ब्लाइडॉर्प त्याच वर्षाच्या डिसेंबरात उघडलं. रेल्वेमार्गाला अगदी लागून. ही गोष्ट लक्षात ठेवा.

१९७८ च्या डिसेंबरात ब्लाइडॉर्पमधून एक पांडा निसटला. तो काळापांढरा, बांबू खाणारा गोलमटोल नव्हे. हा लाल पांडा: मोठ्या बोक्याएवढा, तांबूस, पट्टेदार शेपटीचा. मूळचा हिमालयातला. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. प्राणिसंग्रहालयाने वर्तमानपत्रांना कळवलं की असा असा प्राणी सुटलाय, कुणाला दिसला तर सांगा. बातमी छापून आली. आणि जवळपास त्याच सुमारास तो पांडा सापडला. प्राणिसंग्रहालयाजवळच्या रुळांवर, मेलेला.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. बातमी वाचून लोकांचे निरोप यायला लागले. पांडा पाहिला म्हणून. एका रस्त्यावरून नाही, एका गावातून नाही, देशभरातून. शंभरच्या आसपास लोकांनी तो पाहिल्याचं कळवलं. पांडा मेला होता, आणि एकच होता. शंभर ठिकाणी जिवंत असणं त्याला शक्यच नव्हतं.

हान्स फान काम्पेन नावाच्या डच लेखकाने नंतर या प्रकरणावर लिहिलं. त्यामुळे ते जगभर गेलं, आणि लोक बघतात म्हणजे नेमकं काय करतात याचं उदाहरण म्हणून आजही सांगितलं जातं. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हे शंभर लोक थापाडे नव्हते. थापा मारायच्या तर कुणी याहून बरं काहीतरी निवडेल. त्यांनी काहीतरी पाहिलंच होतं. कुंपणाखालून जाणारं मांजर, संध्याकाळच्या उजेडात तांबडा दिसणारा कुत्रा, कोल्हा, एखादा मुंगसासारखा लांबट प्राणी. एरवी त्यांनी त्याकडे लक्षही दिलं नसतं. पण सकाळी 'पांडा' हा शब्द डोक्यात शिरला होता, आणि दुपारी डोळ्यांनी त्याला जागा करून दिली.

आपल्याकडे म्हणतात ना, 'मनी वसे ते स्वप्नी दिसे'. फक्त इथे माणसं जागी होती.

आता सत्तावीस वर्षं पुढे या. जून २००५. जागा फेलुवे, म्हणजे आर्नहेम, एडे आणि आपेलडोर्न यांच्यामधलं ते मोठं जंगल, जिथे आपण सगळे पांढऱ्या सायकली चालवायला आणि फान गॉखची चित्रं बघायला जातो. एडेजवळ लोकांना एक मोठं काळं मांजरवर्गीय जनावर दिसलं. फोटो निघाला. प्यूमा आहे म्हणे! कुणीतरी गुपचूप पाळला असेल, झेपला नसेल, सोडून दिला असेल. शोधाशोध सुरू झाली, वर्तमानपत्रं आणि टीव्ही मागे लागले, आणि बघता बघता त्या जनावराला नावही मिळालं: विनी. गोष्टीतलं ते मध खाणारं अस्वल डच मुलांना 'विनी द पूह' म्हणून माहीत असतं. तर हा 'विनी द पूमा'. डच माणसाला विनोद करायला एवढंही पुरतं.

शेवटी काय निघालं? पाळीव मांजर आणि युरोपातलं रानमांजर यांचा संकर. नेहमीपेक्षा बराच मोठा, पण मांजरच.

इथे एक गंमत आहे, ती मुलांना नक्की सांगा. बिबट्या काळा असू शकतो. आपल्या ताडोबात २०१८ मध्ये काळा बिबट्या दिसल्याची बातमी तुम्हाला आठवत असेल. तो बिबट्याच असतो, नुसता रंग गडद. उन्हात नीट बघितलं तर ठिपकेही दिसतात. पण काळा प्यूमा आजवर कुणीही खात्रीने पाहिलेला नाही. अमेरिका खंडात, जिथे तो जंगलात राहतो, तिथेही नाही. म्हणजे 'काळा प्यूमा' असं कुणी म्हटलं की पहिली शंका तिथेच यायला हवी. २००५ साली ती अनेकांना आलीही असेल. पण प्यूमा शोधण्यात जी मजा आहे ती बोका शोधण्यात कुठून येणार?

मग लोक फसतात कशात? रंगात कमी, आकारात जास्त. मोकळ्या माळावर, गवतात, आसपास मोजायला काही नसताना, एकट्या प्राण्याचा आकार ठरवणं माणसाच्या डोळ्याला फार अवघड जातं. प्राणी ऐंशी मीटरवर आहे असं वाटतं आणि तो असतो तीस मीटरवर. अंतर चुकलं की आकार चुकला. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या बॉडमिन माळावर अशाच एका 'श्वापदा'चा बोभाटा झाला होता. १९९५ मध्ये तिथल्या कृषी खात्याने चौकशी केली. अधिकाऱ्यांनी डोकं लावलं: जिथे व्हिडिओ काढले होते त्याच जागी जाऊन, त्याच दगडाशेजारी, त्याच फाटकाजवळ मोजपट्टी उभी केली आणि चित्राशी ताडून बघितलं. प्यूमाची खांद्यापर्यंतची उंची साधारण साठ-सत्तर सेंटिमीटर असते. यांची श्वापदं त्याच्या निम्म्यातही बसेनात. मोठी मांजरं माळावर राहतात असा पडताळून घेता येईल असा पुरावा मिळाला नाही, असा अहवाल त्यांनी दिला. ज्यांचा विश्वास होता त्यांचा अर्थातच अजून आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे लोकांना दिसतं ते सगळं खोटंच. मलाही असंच वाटायला लागलं होतं. लेकीच्या कुत्र्याएवढ्या उंदराची फाइल मी मनातल्या मनात बंद केली होती.

पण जरा थांबा. फेलुवेच्याच कडेला, आपेलडोर्नला, हेट लो राजवाडा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एखाद्या शेतकऱ्याने घरी येऊन सांगितलं असतं की, "आज मी हत्ती पाहिला," तर बायकोने त्याला काय म्हटलं असतं? आणि तो खरं बोलत असता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून १७८४ मध्ये सिलोनहून, म्हणजे श्रीलंकेहून, हत्तीची दोन पिल्लं राजा... चुकले, तेव्हा इथे राजा नव्हता, स्टॅडहोल्डर पाचवा विल्यम होता, त्याच्यासाठी आली. हान्स आणि पार्की. आधी हेगजवळ फोरबुर्गला होती, मग हेट लोला. फ्रेंचांनी १७९५ मध्ये देश घेतला तेव्हा लुटीत हत्तीही गेले, आणि १७९८ मध्ये पॅरिसला पोचले. ते काही पळालेले नव्हते, पण विलायती माळावर हत्ती दिसणं अशक्य नव्हतं एवढंच मला सांगायचंय.

आणि अलीकडचं घ्या. मार्च २०१५. ड्रेन्टे आणि ग्रोनिंगेन भागात लोकांना लांडगा दिसला. भरदिवसा, रस्त्याच्या कडेने, घरांजवळून आरामात चालला होता. दीडशे वर्षांत या देशात जंगली लांडगा राहिला नव्हता. त्यामुळे पहिली शंका काय? पिंजऱ्यातून सुटलेला असणार, नाहीतर इतका धीट कसा? लोकांनी फोटो काढले, विष्ठेचे नमुने तपासले गेले, आणि तो जर्मनीतल्या जंगली कळपातला तरुण लांडगा निघाला. पायी सीमा ओलांडून आलेला. पासपोर्ट नाही, काही नाही. पुढे २०१९ मध्ये फेलुवेवर लांडग्यांना पिल्लं झाली. त्याआधी, २०१६ मध्ये, त्याच फेलुवेवर एका स्वयंचलित कॅमेऱ्यात सोनेरी कोल्हा सापडला. आपल्याकडे शेताच्या बांधावर रात्री कुई करणारा, गोष्टीत द्राक्षं आंबट म्हणणारा, तोच. आग्नेय युरोपातून हळूहळू सरकत आलेला.

म्हणजे अकरा वर्षांपूर्वी ज्या जंगलात प्यूमा 'दिसला' आणि नव्हता, त्याच जंगलात नंतर कोल्हा आणि लांडगे खरोखर आले. ज्यांनी विनीला हसून घेतलं होतं त्यांची पंचाईत.

हे आपल्याला नवीन नाही, नाही का? जुन्नरकडचे जे कोणी असतील त्यांनी सांगावं. 'जंगलातून वाट चुकून आलेला बिबट्या' ही बातमी आपण लहानपणापासून वाचतो. विद्या अत्रेय यांनी अकोले भागात काम करून दाखवलं की बिबटे उसात, माणसांच्या शेजारी, पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वाट चुकलेले नसतात, घरीच असतात. त्यांनी गळ्यात पट्टा बांधून माळशेजला सोडलेला 'आजोबा' बिबट्या तर जवळजवळ सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या वेशीवर गेला. २००९ सालची गोष्ट, त्यावर पुढे सिनेमाही आला. तो चालत असताना लोकांना फारसा दिसलाच नाही. नसलेला पांडा शंभर जणांना दिसतो आणि असलेला बिबट्या गावंच्या गावं पार करतो.

इथे पालक म्हणून एक कामाची गोष्ट. २०२४ च्या उन्हाळ्यात उट्रेख्त प्रांताच्या जंगलात लांडगा लहान मुलांच्या फार जवळ आल्याच्या घटना घडल्या आणि प्रांताने तिथल्या ठरावीक भागात लहान मुलांना घेऊन जाऊ नका असं जाहीर सांगितलं. तेव्हा मुलाने जंगलात "आई, तिकडे मोठा कुत्रा आहे, पट्टा नाहीये" असं म्हटलं, तर मोबाईलमधून डोकं वर काढा आणि आधी मुलाला जवळ घ्या. लांडगा की कुत्रा हे नंतर ठरवता येईल. जायच्या आधी त्या प्रांताच्या चालू सूचना बघायची सवय मी आता लावून घेतली आहे.

आता कुत्र्याएवढ्या उंदराकडे वळते, कारण लेकीचं माझ्यावर कर्ज आहे. १९०५ मध्ये प्रागजवळच्या एका सरदाराने उत्तर अमेरिकेतून मोजकेच मस्करॅट आणून आपल्या जमिनीवर सोडले. लव असलेला, पाण्यात राहणारा, उंदराच्या गोतावळ्यातला प्राणी. त्यांची प्रजा वाढत वाढत युरोपभर पसरली आणि १९४१ मध्ये दक्षिणेकडून नेदरलँड्समध्ये शिरली. मस्करॅट काठाच्या मातीत बिळं करतो. हॉलंडमध्ये काठाच्या मातीत बिळं! ज्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, तिथे बांध पोखरणारा प्राणी म्हणजे थट्टा नाही. म्हणून इथल्या जलमंडळांकडे आजही पगारी मस्करॅट-पकडे आहेत. त्याच्याहून मोठा एक भाऊबंद आहे, दक्षिण अमेरिकेतला कॉयपू, फरसाठी पाळलेला आणि पिंजऱ्यांतून सुटलेला. पाच-सात किलोचा सहज होतो. छोट्या कुत्र्याएवढा. आमच्या कालव्याकाठी त्या दिवशी नेमकं काय होतं ते आता कळणं शक्य नाही. पण 'काहीतरीच काय' हे उत्तर चूक होतं. मी तिची माफी मागितली. तिला आठवतही नव्हतं.

सुटून आलेले सगळेच असे त्रासदायक नाहीत. हेगच्या, ॲमस्टरडॅमच्या बागेत जो हिरवागार पोपट ओरडत जातो तो आपलाच राघू. लाल चोच, गळ्यात कंठी. पिंजऱ्यातून सुटलेल्या पोपटांनी १९६८ मध्ये हेगला पहिल्यांदा मोकळ्यावर पिल्लं वाढवली, आणि आज देशात त्यांची संख्या दहा हजारांच्या पलीकडे आहे. युरोपातल्या या पोपटांची जनुकं तपासली तर बहुतेकांचं मूळ पाकिस्तान आणि उत्तर भारताकडचं निघालं. लंडनमध्ये लोक छातीठोकपणे सांगतात की तिथले पोपट जिमी हेंड्रिक्सने सोडले. २०१९ मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदी नकाशावर मांडून बघितल्या, त्या कथेला काही आधार सापडला नाही. बिचारे ठिकठिकाणच्या साध्या पिंजऱ्यांतून सुटले होते. पण 'शेजारच्या काकूंच्या पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं' ही काय सांगायची गोष्ट आहे?

फ्लेमिंगोही आहेत. ठाण्याच्या खाडीतले नव्हेत, बहुतेक दक्षिण अमेरिकेतल्या चिलीच्या जातीचे. जर्मनीच्या सीमेला लागून, आपल्या आख्टरहुकच्या पलीकडे, स्विलब्रॉकच्या तळ्यावर १९८० च्या दशकापासून ते घरटी करतात. फ्लेमिंगोंची जगातली सर्वांत उत्तरेकडची वसाहत. कुठल्यातरी संग्रहातून सुटलेले. हिवाळ्यात ते नेदरलँड्सच्या दक्षिणेला, झीलंडच्या बाजूच्या पाण्यावर येतात. जानेवारीत, करड्या पाण्यावर, गुलाबी. पहिल्यांदा पाहणारा माणूस गाडी थांबवून डोळे चोळत असेल. खुशाल थांबवा, ते खरे आहेत.

आता मूळ गोष्टीवर येते. आजीचा कावळा.

मी हे सगळं वाचत होते ते आईंची चूक सौम्यपणे कशी सांगावी म्हणून. आणि वाचता वाचता मला कळलं की आपला कावळा, अगदी आपला, राखाडी मानेचा गावकावळा, खरोखर नेदरलँड्समध्ये राहत होता. आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर. हूक फान हॉलंडला.

१९९४ मध्ये तिथे बंदराजवळ दोन गावकावळे दिसले. उडत इतक्या लांब ते येत नाहीत. जहाजावर बसून आले असणार असं पक्षीतज्ज्ञ मानतात. या जातीचा तो जुना धंदा आहे. अरबस्तान, पूर्व आफ्रिका, जिथे जिथे आपल्याकडची जहाजं गेली तिथे हा मागे गेला. झांजिबारला तर १८९० च्या दशकात कचरा साफ करायला मुद्दाम नेला. हूकच्या जोडीने १९९७ पासून पिल्लं काढली. थंडी सोसली, वारा सोसला, माणसांनी टाकलेल्या खाण्यावर संसार केला. पंधरा-वीस वर्षांत झाले किती? फार तर तीसेक.

मग सरकारने ठरवलं की हे वाढायच्या आत संपवायचे. कारणं खोटी नव्हती. पूर्व आफ्रिकेत या कावळ्याने तिथल्या लहान पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊन धुमाकूळ घातला आहे, आणि हजारो झाल्यावर काही करता येत नाही हेही तिथेच दिसलं. प्राणिप्रेमी संस्था कोर्टात गेल्या. वाद झाले. शेवटी पक्षी टिपले गेले. २०१६ मध्ये युरोपियन युनियनने बाहेरून आलेल्या उपद्रवी जातींची पहिली यादी काढली, तिच्यात गावकावळा आहे.

डच भाषेत अशा प्राण्याला 'एक्सोट' म्हणतात. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात हा शब्द येतो, 'इथला' आणि 'बाहेरचा' अशा दोन रकान्यांसह. मला माहितीये तुमच्या डोक्यात आत्ता काय आलं, कारण माझ्याही आलं. बाहेरून आलेला, कष्टाने तग धरलेला, आणि यादीत टाकलेला. कृपा करून ती उपमा ओढू नका. मी ओढून बघितली आणि ती मुलांच्या अंगावर पडते. कावळ्यांच्या बाबतीत अंडी आणि पिल्लांचा खरा प्रश्न होता. माणसांबद्दल तसं बोलणाऱ्यांना तो दाखला आपणच हातात कशाला द्यायचा? लेकीने मात्र सरळच विचारलं: "आपण पण एक्सोट आहोत का?" मी म्हटलं, "नाही. तो शब्द झाडांसाठी आणि प्राण्यांसाठी आहे. माणसांसाठी कुणी वापरला तर घरी येऊन मला सांग." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण त्या कावळ्यांना तर माहीत नव्हतं ना." मला उत्तर आलं नाही.

आईंना मी काही सांगितलं नाही त्या दिवशी. नवरा म्हणाला, राहू दे, बाबांच्या तिथीला आलेला पक्षी आहे. पण लेक आजीला सोडेना. आणि तिने जे केलं ते मी तिला शिकवलं नव्हतं. "तुला चुकीचं दिसलं" असं ती म्हणालीच नाही. तिने प्रश्न विचारले. तो कठड्याच्या कुठल्या कुंडीशेजारी बसला होता? कुंडीपेक्षा उंच होता की बुटका? चोच तुझ्या बोटाएवढी की लहान? आणि डोळा कुठल्या रंगाचा होता, आजी?

डोळा! काउचा डोळा पांढुरका असतो, काचेच्या मण्यासारखा. गावकावळ्याचा गडद. काउ तेहतीसेक सेंटिमीटरचा, चोच आखूड. गावकावळा चाळीसच्या आसपास, चोच लांब. बॉडमिनच्या अधिकाऱ्यांनी मोजपट्टी नेली, आमच्याकडे जास्वंदीची कुंडी होती. तेव्हापासून मुलीने काहीही 'पाहिलं' की मी एवढंच विचारते: कशाच्या शेजारी होतं, किती वेळ दिसलं, आणि ते दिसायच्या आधी त्याबद्दल कुठे काही ऐकलं होतंस का? शेवटचा प्रश्न १९७८ च्या पांड्याचा. कधी तिचीच खात्री डळमळते, कधी माझी. वारनेमिंग नावाची एक डच वेबसाइट आणि ॲप आहे, तिथे आपण पाहिलेला प्राणी फोटोसकट नोंदवता येतो आणि जाणकार लोक तपासून सांगतात. तुमच्या मुलांना आवडेल. 'काहीतरीच काय' म्हणायची वेळ येत नाही.

आई त्यावर काय म्हणाल्या? "कावळ्याचा डोळा कोण बघत बसतं गं? एकच बुबुळ असतं म्हणतात त्याला, इकडून तिकडे फिरतं." मग थोड्या वेळाने, वाटाणे सोलता सोलता: "पांढरा होता खरा."

"मग तो काउ होता, आजी."

"असू दे. जेवला ना?"

ऑक्टोबरात आई वाईला परत गेल्या. त्यानंतरच्या एका रविवारी लेकीने हट्ट धरला की एखादा कावळा उरला असेल तर बघायचा. स्खीडामहून मेट्रो पकडून आम्ही हूक फान हॉलंडला गेलो. वारा इतका की छत्री उलटी झाली. इंग्लंडची फेरी उभी होती, सीगल ओरडत होते, फ्रिट्सच्या गाडीभोवती काळे पक्षी नाचत होते. ती एकेकाच्या जवळ जाऊन डोळा बघून येत होती. दोन तासांनी तिच्या वहीत होतं: काउ १४, कावळा ०.

घरी येऊन आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि आकडे वाचून दाखवले. आईंनी फोन खिडकीकडे वळवला. बाहेर पत्र्यावर काव काव चालली होती.

"माझ्याकडे चार आहेत," आई म्हणाल्या. "थांब, डोळा बघून सांगते."